सफकमधील जुन्या सराईचे घर घेताना: आधी पाणी, मग लाकूड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे केंब्रिजमध्ये नोकरी करता आणि सफक परगण्यातील एका खेड्यात लाकडी सांगाड्याचे एक जुने घर आपल्याला मनापासून आवडले आहे. ते ग्रेड टू श्रेणीत, म्हणजे ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत, संरक्षित आहे, आणि विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी तिथे 'इन', म्हणजे वाटसरूंची सराई होती. पाहणी अहवालात तीन दोष लिहून आले आहेत: तळमजल्याच्या भिंतींत ओल, तुळयांना किड्यांची भोके आणि वरच्या मजल्याच्या जमिनीला उतार. ओल घालवणाऱ्या एका कंपनीने भिंतीच्या पायथ्याशी रसायन टोचण्याचा आणि सगळ्या लाकडावर कीटकनाशक फवारण्याचा अंदाज दिला आहे. घर घ्यावे की सोडावे, घेतले तर कामाला कुठून हात घालावा, आणि बाहेरचा गिलावा काढून आतले ओकचे लाकूड उघडे करता येईल का, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे पूर्व इंग्लंडमध्ये अशाच घरांच्या पाहणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो आहे. त्याआधी पुण्यात वाड्यांची मोजमापे घेत होतो. त्या अनुभवावरून सांगतो की अहवालात दोष तीन लिहिले असले तरी प्रश्न बहुधा एकच आहे: या घरात पाणी कुठून शिरते आणि शिरलेले पाणी बाहेर का पडू शकत नाही. ओल, कीड आणि उताराचा काही भाग ही त्याच एका प्रश्नाची तीन रूपे असतात. त्याचे उत्तर सापडण्याआधी रसायनांवर खर्च केलेला प्रत्येक पौंड वाया जातो, आणि पुष्कळदा घराचे नुकसानही करतो.

घर न पाहता काही गोष्टी मला सांगता येणार नाहीत, हेही आधीच स्पष्ट करतो. खालच्या तुळया किती कुजल्या आहेत, उतार जुना आहे की अजून वाढतो आहे आणि दुरुस्तीला किती पैसे लागतील, हे प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढे मात्र सांगता येते.

हे घर मुळात उभे कसे आहे ते आधी लक्षात घ्या. आपल्याकडच्या वाड्यात जसा खांब-तुळयांचा सांगाडा सगळे वजन पेलतो आणि मधली विटांची भिंत नुसती जागा भरते, तसेच इथे असते. घराचे माप सांगण्याची रीतसुद्धा तीच आहे. आपण घर किती खणी आहे असे विचारतो, इथले लोक किती 'बे'चे आहे असे विचारतात, आणि अर्थ एकच. दोन उभ्या चौकटींमधली जागा म्हणजे एक खण. सांगाडा ओकचा असतो, आणि ओक तोडल्यानंतर हिरवा, ओला असतानाच घडवलेला असतो, कारण वाळलेला ओक हाताच्या हत्यारांना दाद देत नाही. सुतार आपल्या आवारात सगळे सांधे जमवून पाहत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग सांगाडा सोडवून गाडीने जागेवर नेत आणि कुसू (तुळईचे कोरून काढलेले टोक) खोबणीत बसवून ओकच्या खुंट्या ठोकून पुन्हा उभा करत. दोन खांबांमधल्या चौकोनात काठ्या विणून त्यावर माती, पेंढा आणि शेण यांचा लेप दिलेला असे. कोकणातल्या किंवा मावळातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको: हा कूडच आहे, फक्त कारवीच्या जागी हेझलच्या काठ्या आहेत. त्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी.

या सगळ्या वस्तूंचा एक समान गुण असा की त्या पाणी शोषतात आणि सोडतात. पावसाने भिंत भिजते आणि वाऱ्याने सुकते. ओकचा गाभा अशा भिजण्या-सुकण्याने शेकडो वर्षे कुजत नाही. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपल येथील धान्याची दोन कोठारे तेराव्या शतकातील आहेत आणि त्यांचे पुष्कळसे मूळ लाकूड आजही वजन पेलते आहे. लाकडातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले की कुजवणारी बुरशी त्यात जगू शकत नाही. ते बराच काळ त्याच्या वर राहिले की मग ओक असो वा साग, कुजणे ठरलेलेच.

आता आपल्या घराच्या 'ओलीकडे' वळू. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत बाहेरचा गिलावा गुळगुळीत, कडक आणि करडा दिसतो, त्यावर जाड प्लास्टिक रंग आहे आणि तो थेट जमिनीपर्यंत उतरलेला आहे. तो सिमेंटचा आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. विसाव्या शतकात अशा हजारो घरांना सिमेंट फासले गेले. फासणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण सिमेंट कडक असते आणि लाकडी सांगाडा ऋतूंबरोबर थोडा हलत असतो, त्यामुळे केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत जाते आणि सिमेंटमागे अडकते. आत कोंडलेले पाणी खाली उतरून सगळ्यात खालच्या आडव्या तुळईवर साचते. या तुळईला इथे 'सोल प्लेट' म्हणतात. ती विटांच्या किंवा गारगोटीच्या बुटक्या जोत्यावर आडवी ठेवलेली असते आणि सगळे उभे खांब तिच्यात कुसवाने उभे असतात. म्हणजे घराची सगळ्यात महत्त्वाची तुळई सगळ्यात ओल्या जागी येते.

काही वर्षांपूर्वी एसेक्समध्ये असेच एक घर माझ्याकडे आले. आधीच्या कंत्राटदाराने भेगा दिसल्या की त्यावर पुन्हा सिमेंट भरले होते, असे निदान तीनदा तरी झाले होते. आतल्या बाजूने तुळई उत्तम दिसत होती, वर मेणाचे पॉलिशसुद्धा होते. परवानगी घेऊन आम्ही कोपऱ्यातला हातभर गिलावा काढला आणि मी तुळईला चाकूचे टोक लावले, तर पाते मुठीपर्यंत आत गेले. बाहेर काढले तेव्हा त्याला भिजवलेल्या तंबाखूसारखा तपकिरी लगदा चिकटला होता आणि ओल्या पालापाचोळ्याचा वास येत होता. त्याच तुळईवर दोन फूट पलीकडे, जिथे गिलावा सुटून वारा लागत होता, तिथे तेच पाते दोन मिलीमीटरही शिरेना. लाकूड एकच, त्याचे वयही एकच. फरक फक्त कोंडलेल्या पाण्याचा होता.

म्हणून रसायन टोचण्याचा प्रस्ताव आपण आदरपूर्वक बाजूला ठेवावा. ते तंत्र विटांच्या सलग भिंतीसाठी आहे. लाकूड आणि कूड यांच्या भिंतीत टोचायला सलग बांधकामच नसते. ओल दाखवणारे जे छोटे दोन सुयांचे यंत्र अहवाल लिहिणाऱ्यांनी वापरले असेल, ते लाकडातील पाणी मोजण्यासाठी तयार केलेले आहे. गिलाव्यात क्षार असले तर ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवते. आणि सराईच्या घरात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ लावलेले मांस आणि घोड्यांचे तबेले होते, तिथे क्षारांना तोटा नसतो. ओल नाहीच असे माझे म्हणणे नाही. तो आकडा एकटा पुरावा म्हणून धरू नये, एवढेच सांगतो.

ओलीचे खरे कारण पुष्कळदा घराबाहेर असते. शतकानुशतके रस्ता उंच होत जातो, अंगणात मातीचे आणि फरशीचे थर चढतात आणि जोते जमिनीत गाडले जाते. इंग्लंडमधले सर्वांत जुने लाकडी चर्च मानले जाते ते एसेक्समधले ग्रीनस्टेडचे चर्च. त्याच्या भिंती उभ्या चिरलेल्या ओकच्या ओंडक्यांच्या आहेत, आणि लाकडातील वर्षवलयांच्या अभ्यासातून ते ओंडके अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरले आहेत. १९ व्या शतकाच्या मध्यात पाहिले तेव्हा त्यांचे पाय कुजले होते. तेवढे पाय कापले आणि खाली विटांचे जोते घातले, आणि वरचे लाकूड आजही जागेवर आहे. मातीला टेकलेले पाय गेले आणि वाऱ्यात राहिलेले अंग नऊशे वर्षे टिकले, हे तिथे उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. आपल्या घराभोवतीची जमीन जोत्याच्या खाली नेणे, पन्हाळी आणि उतारनळ दुरुस्त करणे, पाणी घरापासून दूर जाईल असा चर खणणे, ही कामे दिसायला साधी असतात. पण कोणत्याही सुतारकामाआधी हीच करायची असतात, आणि त्यांनी निम्मी ओल जाते असा माझा अनुभव आहे.

किड्यांच्या भोकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ही भीती बहुधा वाजवीपेक्षा मोठी असते. दीड-दोन मिलीमीटरची बारीक भोके साध्या फर्निचर बीटलची असतात. हा किडा ओकच्या सालीलगतचे फिकट लाकूड खातो, गाभ्याला सहसा हात लावत नाही. ते फिकट लाकूड दोन-तीनशे वर्षांपूर्वीच खाऊन संपलेले असू शकते, आणि आज आपण पाहता आहात तो जुना इतिहास असतो. सुमारे तीन मिलीमीटरची गोल भोके असतील तर तो डेथवॉच बीटल आहे, आणि त्याची दखल घ्यायला हवी, कारण त्याला बुरशीने मऊ केलेला ओला ओक लागतो. म्हणजे तो पुन्हा पाण्याचाच निरोप घेऊन येतो. त्या तुळईखाली काळा कागद चिकटवून ठेवा आणि वसंत ऋतूत, एप्रिल ते जून या काळात, त्यावर ताजा पिवळसर भुसा पडतो का ते पाहा. पडला तर जवळपास ओल कुठे आहे ते शोधा. सरसकट फवारणी लाकडात खोलवर पोहोचत नाही. ती त्या किड्यांना खाणाऱ्या कोळ्यांना मात्र मारते, आणि माळ्यावर वटवाघळे असतील तर त्यांनाही अपाय करते. वटवाघळांना इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे.

उताराच्या बाबतीत घाबरण्याआधी एक साधी गोष्ट पाहा. दरवाज्यांच्या चौकटी त्या उताराबरोबर तिरक्या आहेत आणि दाराच्या फळ्या त्या तिरकेपणाला जुळवून कापलेल्या आहेत का? असतील तर घर केव्हाचेच वाकून स्थिर झाले आहे. ओला ओक वाळताना आक्रसतो आणि बराचसा वाकडेपणा पहिल्या काही दशकांतच येतो. उलट नव्या गिलाव्यात ताज्या, आतून स्वच्छ दिसणाऱ्या भेगा असतील, किंवा एखाद्या सांध्यात कुसू बाहेर सरकून त्याचा न काळवंडलेला भाग दिसत असेल, तर हालचाल चालू आहे, आणि जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

सराईचा प्रश्न इथे महत्त्वाचा होतो. विक्रीच्या जाहिरातीत घालायच्या एका गोड ओळीपेक्षा त्याचे मोल पुष्कळ जास्त आहे. साधे शेतकऱ्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसेच राहते. सराईचा मालक मात्र धंदा बदलला की घर बदलतो. गाड्या आत घेण्यासाठी तो भिंत तोडतो, मोठी खोली हवी म्हणून मधली भिंत काढतो, झोपण्याच्या खोल्या हव्या म्हणून ती पुन्हा घालतो, मग दारू ठेवायला तळघर खणतो. प्रत्येक वेळी कोणी तरी एखादा तिरपा टेका किंवा तुळई कापलेली असते. जमिनीचा उतार जिथे सगळ्यात जास्त आहे, तिथे असा एखादा जुना छेद सापडण्याची शक्यता मी सर्वांत आधी धरेन.

हे वाचायचे कसे ते सांगतो, कारण ते आपणही टॉर्च घेऊन करू शकता. तुळईच्या खालच्या अंगाला पाहत चला. तिथे एका ओळीत रिकाम्या खोबणी आणि खुंट्यांची भोके दिसली, तर तिथे एके काळी भिंत होती आणि ती काढली आहे. उलट खाली भिंत आहे पण वर खोबणी नाहीत आणि दांडे नुसते खिळ्यांनी मारलेले आहेत, तर ती भिंत नंतर घातलेली आहे. रस्त्याच्या बाजूच्या एका खणात असे दिसले आणि तो खण इतरांपेक्षा रुंद असला, तर तिथून घोडागाड्या मागच्या चौकात जात असण्याचा दाट संभव आहे. खिडकीच्या वरच्या तुळईत शंकरपाळ्याच्या आकाराच्या छोट्या खोबणी ओळीने दिसल्या, तर ती काच येण्यापूर्वीची खिडकी होती. त्या खोबणींत उभे लाकडी गज बसवलेले असत. सुताराच्या खुणाही मोजा. एका घरात मी एक ते चौदा मोजत गेलो आणि सात सापडेना. जिथे सात असायला हवा होता तिथे दुरुस्ती करणाऱ्याने कधी काळी दार पाडले होते आणि त्या खांबाबरोबर वरचा टेकाही गेला होता. वरची खोली अगदी त्याच रेषेत खचली होती.

शेवटी माळ्यावर जा. मधल्या खणाचे वासे काजळीने काळे झालेले असतील, नुसते जुने म्हणून काळपट दिसणारे नव्हे, तर बोटाला काजळी लागेल असे, तर ते घर उघड्या दिवाणखान्याचे म्हणून बांधले गेले होते. जमिनीच्या मधोमध चूल पेटायची आणि धूर छपरातून बाहेर जायचा. विटांचे धुराडे आणि वरचा मजला हे बहुधा सोळाव्या शतकात किंवा त्याच्या आसपास नंतर घातलेले असतात. अशा वेळी घर सराईपेक्षा जुने निघते, आणि मूळ सांगाडा कोणता व सराईची भर कोणती हे वेगळे करता येते. असे घर कसे होते हे अनुभवायचे असेल तर वेस्ट ससेक्समधल्या सिंगल्टन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात बेलीफ नावाचे पंधराव्या शतकातले शेतघर उभे आहे. जलाशयाखाली जाणार होते म्हणून ते केंटमधून सोडवून तिथे पुन्हा उभारले. खरेदीच्या आधी एक दिवस तिथे घालवावा असे मी प्रत्येकाला सांगतो.

सराई खरोखर होती का, हे कागदांवरूनही ताडून पाहावे. दारूविक्रीला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागू करणारा कायदा १५५२ चा आहे, आणि १७५३ नंतर परवानाधारकांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक झाले. त्यांपैकी बऱ्याचशा नोंदी परगण्याच्या अभिलेखागारात, सफकच्या बाबतीत मुख्यतः इप्सविच येथे, पाहायला मिळतात. सतराव्या शतकातल्या चूलकराच्या यादीत एखाद्या खेड्यातल्या घराला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त चुली लावलेल्या असतील, तर तेही सराईचे लक्षण असू शकते. सावध राहायची एक जागा मात्र आहे. १८३० च्या बिअर कायद्याने कर भरणाऱ्या कोणाही घरमालकाला शुल्क भरून बिअर विकता येऊ लागली आणि खेड्याखेड्यांत साध्या घरांच्या पुढच्या खोलीत बिअरची दुकाने निघाली. 'पूर्वी इन होते' या सांगण्यामागे कधी कधी एवढेच असते. इनमध्ये प्रवाशाला बिछाना आणि घोड्याला दाणा मिळे. नुसत्या बिअरच्या घरात ते मिळत नसे. त्यामुळे इमारतीतल्या खुणाही वेगळ्या असतात. लाकडे जुन्या जहाजांची आहेत असे विकणाऱ्यांनी सांगितले, तर ते नम्रपणे ऐकून घ्यावे आणि विसरून जावे. रिकाम्या खोबणी पाहून लोकांनी रचलेली ती कथा आहे. त्या खोबणी जवळजवळ नेहमी त्याच घरातल्या बदलांच्या किंवा दुसऱ्या मोडलेल्या घराच्या असतात.

गिलावा काढून लाकूड उघडे करण्याची आपली इच्छा मी समजू शकतो, पण माझे मत विरुद्ध आहे. काळी लाकडे आणि पांढरे चौकोन हे चित्र बरेचसे एकोणिसाव्या शतकाच्या आवडीचे आहे. मोकळा सोडलेला ओक रुपेरी करडा होतो. सफकमध्ये सांगाड्यावरून सलग चुन्याचा गिलावा देण्याची परंपरा आहे. विशेषतः खांब ओबडधोबड आणि कमी-जास्त जाडीचे असतील आणि त्यांच्या दर्शनी अंगावर पट्ट्या ठोकल्याच्या खिळ्यांची भोके असतील, तर ते लाकूड झाकण्यासाठीच घडवलेले आहे. ते उघडे केले की प्रत्येक सांधा पावसाला तोंड देतो. खांब जवळजवळ लावलेले, नीट रंधलेले आणि कोरीव असतील तर गोष्ट निराळी. ते दाखवण्यासाठी होते. उघडे करायचे ठरलेच तर वाळूच्या फवाऱ्याने ते कोणालाही साफ करू देऊ नका. पहिल्याच तासात सुताराच्या खुणा आणि हत्यारांचे घाव पुसले जातात, आणि ते परत आणता येत नाहीत.

इथवरच्या विवेचनातून कामाचा क्रम असा निघतो: जमीन, पन्हाळी आणि छप्पर आधी, मग सिमेंट काढून सांगाडा पाहणे, मग सुतारकाम, आणि सर्वांत शेवटी चुना. सिमेंट काढताना घाई करायची नाही, कारण मागचा कूड त्याला चिकटून पडू शकतो, आणि तो कूड पाचशे वर्षांचा असू शकतो. सोल प्लेट कुजली असेल तर कुजलेला भाग तेवढाच काढून नवा ओक सांध्याने जोडावा. चांगले लाकूड केवळ सोय म्हणून बदलू नये. साधे लोखंडी खिळे किंवा बोल्ट वापरू नयेत. ओकमधील टॅनिनमुळे लोखंड खाल्ले जाते आणि लाकूड निळे-काळे पडते, म्हणून स्टेनलेस पोलाद किंवा ओकच्याच खुंट्या वापराव्यात. नंतर चुन्याचा गिलावा द्यावा. कळीचा चुना विरवून लोण्यासारखा मऊ ठेवलेला चालतो, किंवा जागेनुसार कमी ताकदीचा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, चुनाही चालतो. चुन्याला हिमाची भीती असते, ५ अंशांखाली काम करू नये, म्हणून हे काम एप्रिल ते सप्टेंबरमध्ये बसवावे. शेवटी चुन्याचीच सफेदी, हवी तर सफकच्या फिकट गुलाबी छटेची. तळघर असेल तर त्याला आतून जलरोधक लेप लावून बंद करू नका. त्याला वारा द्या, नाही तर तिथले पाणी भिंतीतून वर चढून पुन्हा त्याच तुळईपर्यंत येईल.

कायद्याची बाजू आपल्याला ठाऊक असेलच, तरी एक गोष्ट ठळकपणे सांगणे माझे कर्तव्य समजतो. संरक्षण फक्त दर्शनी भागाला असते असा आपल्या मंडळींत बराच समज आहे आणि तो चूक आहे. ग्रेड टू घराचा अंतर्भागही संरक्षित असतो, यादीतील वर्णनात उल्लेख असो वा नसो. सराईचा जुना बाक किंवा दारूचे काउंटर घराला जोडलेले असेल तर तेही संरक्षणात येते. १९९० च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय इमारतीचे स्वरूप बदलणारे काम करणे फौजदारी गुन्हा आहे. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही आणि निर्णयाची मुदत साधारण आठ आठवडे असते. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे हे की आधीच्या मालकाने परवानगीशिवाय केलेला बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते, आणि तिला कालमर्यादा नाही. म्हणून त्या सिमेंटचे, प्लास्टिकच्या खिडक्यांचे आणि पाडलेल्या भिंतींचे कागद वकिलामार्फत विकणाऱ्यांकडे मागा. कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्यांशी लवकर बोला. सिमेंट काढून चुना लावण्याच्या बाजूने ते सहसा असतातच.

माणसे निवडताना पाहणी करणारा, अभियंता आणि सुतार तिघेही जुन्या इमारतींवर काम केलेले असावेत. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची सोसायटी, जिला इथे सगळे स्पॅब म्हणतात, घरमालकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. निदान एक वर्ग आपण दोघांनी करावा. सुताराला त्याने पाच वर्षांपूर्वी केलेले एखादे काम दाखवायला सांगा, आणि ते पाहायला खरोखर जा. नवे काम सगळ्यांचेच छान दिसते.

घर घ्यावे की सोडावे, याचे माझे उत्तर असे. मधल्या तुळया आणि छप्पर सशक्त असतील, हालचाल थांबलेली असेल आणि दोष मुख्यतः सिमेंट व उंच झालेल्या जमिनीचा असेल, तर मी ते घर सोडणार नाही. मात्र किंमत त्या दुरुस्तीचा विचार करून ठरवावी, आणि पहिले दीड-दोन वर्ष घरात राहून नुसते पाहण्याची तयारी ठेवावी. छपरापर्यंत पाणी गेले असेल, मुख्य आडव्या तुळया टोकांशी कुजल्या असतील किंवा विकणारे एक हातभरसुद्धा गिलावा उघडू द्यायला तयार नसतील, तर थांबावे.

अंतिम बोली लावण्यापूर्वी एकदा भर पावसात तिथे जा. आत जाण्याची गरज नाही. छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे वीस मिनिटे उभे राहा आणि पन्हाळीतून पाणी कुठे ओसंडते, भिंतीवर ते कोणत्या रेषेने उतरते आणि पायथ्याशी कुठे साचून राहते ते पाहा. शक्य झाले तर चित्रफीत काढा आणि मला पाठवा. पुढचे त्यावरून ठरवू.